कोपराचा डाव

माझा बा मालगुजाराच्या अंगणात ओणवा झाला. हातातला भाताच्या तणसाचा भारा बाजूला ठेवला, बाही वर सारली, कोपर मातीला टेकलं. समोर एक हिरवा कंचा. गोठ्याच्या दारापासून अंगणातल्या खड्ड्यापर्यंत तो कोपराने ढकलत न्यायचा. बा हसत होता. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आमचं गाव वडशाजवळ. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी सहावीत. आमच्याकडे गोटीला कंचा म्हणत. हरणाऱ्याचा कंचा जिंकणारा टोला मारून लांब घालवायचा, आणि हरणाऱ्याने तो कोपराने खड्ड्यात आणायचा. हात लावायचा नाही. मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार; त्याचा पोरगा माझ्याच वर्गात होता. माझा नेम चांगला, म्हणून तो मला खेळायला बोलवायचा. हरले की मी कोपर द्यायची. आई विचारायची, "काऊन व, कोपर कायनं सोललं?" मी म्हणायची, "पडली."

त्या दिवशी मी जिंकले. त्या पोरावर कोपर द्यायची पाळी पहिल्यांदाच आली. असा टोला हाणला की त्याचा कंचा थेट गोठ्याच्या दारात.

"दे डाव," मी म्हटलं.

त्याने आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. मग गोठ्याकडे तोंड करून ओरडला, "सोम्या! इकडं ये. माह्या बदल्यात तू दे."

सोम्या म्हणजे माझा बा. त्यांच्याकडे सालाने कामाला. वयाने त्या पोराच्या बापापेक्षा मोठा. ओसरीवर मालगुजार पान लावत होता. त्याला मजा वाटली.

"दे रे सोम्या, लेकराचं मन राख. तुह्याच पोरीचा डाव हाये."

आणि बा वाकला. कंचा वीतभर सरकला. खेळायला जमलेली पोरं खिदळली. माझं अंग पेटलं. मी धावत गेले, कंच्यावर पाय ठेवला.

"बा, ऊठ."

"खेळ हाये माय. काय बिघडते?"

"ऊठ म्हनलं ना!" मग त्या पोराकडे वळले. "हारला तू. कोपर बी तूच दे."

ओसरीवरून आवाज आला, "सोम्या, पोरगी लय शेफारली तुही. शाळेनं डोस्कं फिरवलं हिचं."

पोरगा जागचा हलला नाही. मी बाचा हात धरून ओढत निघाले.

वाटेत बा चिडला. "काम गेलं तं खाशीन काय? कंचे?"

धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या मोहल्ल्याने मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. बा तेव्हा तरणा होता. ते सांगताना त्याची मान ताठ व्हायची. मला तेच आठवलं.

"ढोरं ओढनं सोडलं ना बा? मंग त्याच्यासाठी कंचा काऊन ढकलत होता?"

त्याने माझ्या कानाखाली वाजवली. एकदाच. मग बांधावर खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

सकाळी तो कामावर गेला. जावंच लागलं. त्याला दोष देत नाही, असं म्हणायला मला खूप वर्षं लागली. मी मात्र त्या अंगणात पुन्हा पाय ठेवला नाही.

लोक म्हणतात, पोरखेळ तो, एवढंसं काय धरून बसलीस. धरून बसले आहे, खरं आहे. आता मी गडचिरोलीकडे शाळेत शिकवते. तपासणीला साहेब येतात. त्यांचे बूट पुसायला, गाडी धुवायला पोरं हवी असतात. कुणाची पोरं हेरून बोलावतात ते मला बरोबर कळतं. मी वर्गाच्या दारात उभी राहते. पाठवत नाही.

त्यापायी चार बदल्या झाल्या. पाचवी करा. तिथल्या दारातही मीच उभी असेन.