पदराच्या गाठीतल्या गोळ्या

आमच्याकडे पाहुणा आला की चहाबरोबर दुखणी निघतात, आणि ज्याला ज्या गोळीने गुण आला ती तो दुसऱ्याला देऊन जातो. मीही शेजारीपाजारी बऱ्याच वाटल्या आहेत. फुकट सल्ला द्यायची मला हौस, आणि सोबत गोळी असली की सल्ल्याला जरा वजन येतं.

आईला मुरबाडच्या दवाखान्यात दाखल केलं तेव्हा तिच्या औषधांची पिशवी मी मोठ्या ऐटीत टेबलावर रिकामी केली. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून तिला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. काही दिवस तिला शौचाला काळं होत होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. त्या सकाळी मोरीत चक्कर येऊन पडली. पोटात कुठेतरी रक्त जात होतं, आणि का जातंय ते कळल्याशिवाय थांबणार नव्हतं.

डॉक्टर मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. एकेक पाकीट वाचून ती नावं संगणकात टाकत होती. कुठल्या औषधाचं कुठल्याशी पटत नाही ते त्यातलं सॉफ्टवेअर सांगतं म्हणे.

"म्हणजे पत्रिका जुळवल्यासारखं," मी म्हटलं.

ती हसली नाही. "काका, यांच्यात तर एवढं रक्त जाण्यासारखं काही दिसत नाही. आजी दुखण्यावरची एखादी गोळी घेतात का?"

"छे! औषधं मीच देतो. माझ्या हातून."

"काय नाय गो," आईनेही खाटेवरून सांगितलं.

पायथ्याशी मावशी बसली होती, आईची धाकटी बहीण. एरवी ती दर आठवड्याला धसईहून एसटीने यायची, शेवग्याच्या शेंगा नाहीतर वाल घेऊन. आज निरोप मिळाला तशी हात हलवत आली होती. ती उठली, पदराची गाठ सोडली आणि कापलेल्या पाकिटाचा तुकडा टेबलावर ठेवला.

"ही मी देते तिला. गुडघ्याची. माजे गुडघे हिच्यावरच चालतात."

"गप गो! तुला कोणी इचारलं?" आई ओरडली. सलाईन लावलेल्या बाईच्या अंगात एवढा जोर असतो हे मला ठाऊक नव्हतं.

"तू गप बाय. रगत चाललंय तुजं."

डॉक्टरने ते नाव टाकलं. पडद्यावर लाल पट्टी आली. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तिने शांतपणे सांगितलं. कुणी मावशीला एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, ती भांडली तरी असती.

रक्त चढवलं, आई वाचली, घरी आली. गुडघ्यांना आता तिला चालेल अशी गोळी दिली आहे, पण त्या गोळीने गुण येत नाही. आई भिंत धरून मोरीपर्यंत जाते. बाकी वेळ दाराकडे तोंड करून बसते.

मावशी त्यानंतर आली नाही. शेवटी मी फोन केला.

"गुडघे धरलेत रे. एसटीची पायरी चढवत नाय."

"का? गोळी संपली?"

"टाकून दिली."

"अगं, तुला ती चालते! लाल झालं ते आईच्या दुसऱ्या गोळीमुळे. तू कुठे रक्त पातळ करायची घेतेस?" मी चांगलं लांबलचक समजावलं. माझ्या मते फार सोपं करून.

"बायला जी गोळी इख झाली ती मी खाऊ?"

"मग मी जीप करून आणतो तुला."

"नको रे. तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू?" आणि फोन ठेवला.

आई माझ्याकडेच बघत होती. "काय बोलते?"

"गुडघे दुखतात म्हणते."

"मंग गोळी घे म्हणावं तिला," आई म्हणाली.