एकमेकींच्या छत्र्या

ग्लाफिरा येगोरोव्हनाला आमच्या कारखान्यात सगळ्या ग्लाशा मावशी म्हणत, फक्त फाईना सोडून. फाईना तिला 'ती पलीकडची' म्हणायची. दोघींची टेबलं समोरासमोर, मध्ये चार पावलांची वाट, आणि त्या वाटेवरून वर्षानुवर्षं टोमण्यांची ये-जा.

आम्ही हवाई छत्र्यांच्या घड्या घालत असू. मी मावशीच्या टेबलावर होते. ग्लाशा मावशी लहानपणापासून छत्रीवेडी. शहरातल्या बागेत छत्री बांधून उड्या मारायचा लाकडी मनोरा होता, तिथं ती शाळा बुडवून जायची. तिचा नवरा स्तेपान तिथंच भेटला. छत्री बांधून वर चढला आणि कठड्याला घट्ट धरून बसला होता, त्याला हिनंच मागून ढकललं. "खाली आला तो पांढराफटक, आणि महिन्याभरात मला मागणी घातली. पुन्हा ढकलीन अशी भीती वाटली असणार," असं ती सांगायची आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायची. स्तेपान शेजारी बसून काकडीचं लोणचं खात मान डोलवायचा. चाळिशी उलटली तरी बाईचा आवाज, चाल आणि स्वतःविषयीचं मत, तिन्ही खणखणीत होती. नम्रपणा तिच्या वाट्याला आलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ती त्यामुळेच आवडायची.

कारखान्यात दोन रिवाज होते. एक, महिन्याची चढाओढ. ज्या टेबलाचं काम आधी आणि चोख, त्या टेबलावर लाल झेंडा. तो सबंध हिवाळाभर फाईनाच्या डोक्यावर लटकत होता. दुसरा रिवाज जुना, महायुद्धाच्या आधीपासूनचा. माल रवाना होण्याआधी प्रत्येक टेबलाच्या मुख्य बाईनं विमानातून उडी मारायची, आणि तीही समोरच्या टेबलानं घडी घातलेल्या छत्रीनं. ग्लाशा मावशीनं फाईनाच्या, फाईनानं ग्लाशा मावशीच्या. भांडा हवं तेवढं, पण जीव एकमेकींच्या हातात.

एकसष्ट सालच्या वसंतात काम कशाचं चाललंय हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस अंतराळात जायचा होता. त्याला खाली आणणाऱ्या छत्र्या आमच्याच टेबलांवर होत्या. तीखोन लुकिच, आमचे मुकादम, दिवसातून दहादा येऊन सांगायचे, "पोरींनो, तिकडे अमेरिकन बूट घालून तयार बसलाय! उड्या झाल्या की लगेच माल निघाला पाहिजे."

"बसू दे," ग्लाशा मावशी म्हणायची. "बूट चावतील त्याला."

उड्यांच्या आदल्या दिवशी आमचं टेबल आधी उरकलं. शेवटच्या छत्रीची दोरी ओवून मावशीनं हात वर केला आणि आम्ही ओरडलो. तीखोन लुकिच शिडी लावून फाईनाच्या डोक्यावरचा झेंडा सोडवू लागले. फाईनाचे ओठ आवळलेले दिसले.

मावशी शिशाच्या पिशव्या पेटीत ठेवत होती. रेशीम सुळसुळतं, घडी सरकू नये म्हणून तिच्यावर शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या ठेवतात आणि घडी झाली की काढून घेतात. प्रत्येक टेबलाची पेटी वेगळी, प्रत्येक पिशवीला खण वेगळा. आमच्या पेटीतला एक खण रिकामा राहिला.

आम्ही टेबलाखाली पाहिलं, खिसे उलटे केले, केरसुणी फिरवली. पिशवी नाही. घडीत राहिलेली पिशवी छत्रीला उघडू देत नाही, हे आमच्यातल्या नवख्या पोरीलाही माहीत होतं.

"तीखोन लुकिच, शिडीवरून उतरा," मावशी म्हणाली. "आमच्या सगळ्या छत्र्या उघडायच्या."

"सगळ्या? ग्लाफिरा येगोरोव्हना, वेड लागलंय का? वरून फोन येतायत!"

"मग सांगा त्यांना, ग्लाशा हट्टाला पेटलीय. अमेरिकन आधी जाऊन आला तर मी रडीन, मोठ्यानं रडीन. पण आपला माणूस दगडासारखा खाली आला तर मी तोंड कुठं लपवायचं?"

तिला तो झेंडा किती हवा होता ते मला माहीत होतं. झेंडा मिळाल्यावर वाटायला घरी तिनं केकचं पीठसुद्धा भिजवून ठेवलं होतं. तरी तिनं पहिली दोरी स्वतःच्या हातानं ओढली. दिवसभराची मेहनत रेशमाच्या ढिगासारखी टेबलावर पसरली. एक उघडली, दुसरी, तिसरी, सगळ्या. पिशवी कशातच नव्हती.

पलीकडून फाईना म्हणाली, "आता घरी बघ. उशीत भरली असशील."

आमच्यातली कुणीही हसली नाही. फाईनाच्या टेबलावरची न्यूरा मात्र एकदम रडायला लागली. चढाओढीत एका टेबलानं दुसऱ्याला काही द्यायची बंदी होती, पण पोरी सुया, साखर, पिशव्या सगळंच गुपचूप देत-घेत असत. गडबडीत पिशवी कमी पडली म्हणून न्यूरानं सकाळी आमच्या टेबलावरची एक कुणाला न सांगता उसनी नेली होती. फाईनाची पेटी भरलेली होती, कारण तिच्या स्वतःच्या सगळ्या पिशव्या परत आल्या होत्या. आमची कुठं ठेवली ते न्यूराला आठवत नव्हतं.

फाईनाचा चेहरा उतरला. तिनं आपल्या छत्र्या उघडायला घेतल्या. पिशवी पडली तेव्हा फळीवर धप्प असा आवाज झाला. त्या छत्रीवर दुसऱ्या दिवशीच्या उडीसाठी चिठ्ठी लावलेली होती. चिठ्ठीवर नाव ग्लाशा मावशीचं.

फाईना स्टुलावर बसली.

तीखोन लुकिच घसा खाकरून म्हणाले, "उद्या दोघीही आपापल्या टेबलाच्या छत्र्या घ्या. रिवाज एकदा मोडला म्हणून काही बिघडत नाही."

"बिघडतं," मावशी म्हणाली. "फाईना, ऊठ. त्याच छत्रीची घडी परत घाल."

"ग्लाशा, नको. माझ्या हातची नको घेऊस उद्या." फाईनानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती.

"का गं? आज तुझ्याइतकी जपून घडी घालणारी बाई अख्ख्या देशात मिळेल का मला? ऊठ म्हणते ना!"

"मग समोर उभी राहून बघ तरी."

"मी कशाला बघू? मी चहा प्यायला चाललेय." आणि ती खरंच गेली. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिच्या जागी मी असते तर माझ्याच्यानं ते झालं नसतं.

उघडलेल्या सगळ्या छत्र्यांच्या घड्या आम्ही रात्रभर जागून पुन्हा घातल्या. सकाळी शेतात अजून बर्फाचे पट्टे होते. आम्ही सगळ्या माना वर करून उभ्या. आधी फाईना उतरली, आमच्या छत्रीनं. मग मावशी विमानाबाहेर पडली, आणि ते पांढरं रेशीम फुलेपर्यंत फाईनानं माझं मनगट इतकं दाबलं की वळ उठले. मावशी चिखलात बसकण मारून उतरली, उठली, स्कर्ट झटकला.

"बरी होती घडी," ती म्हणाली. "माझ्याइतकी नाही."

फाईना तिच्या गळ्यात पडून रडली आणि मग तिला चिखलावरून बोलली. झेंडा त्या महिन्यात कुणालाच मिळाला नाही. केक मात्र दोन्ही टेबलांनी खाल्ला.

माल गेला. एप्रिलात आपला माणूस वर जाऊन सुखरूप आला, आणि ग्लाशा मावशी रस्त्यात अनोळखी लोकांच्या पाप्या घेत सुटली. मे महिन्यात रेडिओनं सांगितलं, अमेरिकनही जाऊन आला. आमच्याकडे हशा पिकला.

"अर्धा तासही नाही टिकला वर!" फाईना म्हणाली. "आणि पडला कुठं, तर समुद्रात!"

"छत्री उघडली ना?" मावशीनं विचारलं.

"उघडली म्हणतात."

"मग तिकडेही कुणीतरी बाई टेबलाशी उभी असणार. हात चांगला आहे तिचा."

"एवढा विश्वास? घेशील तिची छत्री? मारशील उडी?"

मावशीनं हातातलं रेशीम खाली ठेवलं. तिनं खरोखर विचार केला, थट्टेवारी न नेता.

"मारीन," ती म्हणाली. "पण तिनंही माझी घ्यायला हवी."