तलावाच्या फेरीत आवडाबाई पुढं

पाचोडला असताना आवडाबाई चाळीस वर्षं नवऱ्याच्या दहा पावलं मागून चालल्या. शेतात जाताना तसंच, बाजाराला जाताना तसंच. रामकिसनराव झपाझप पुढं निघायचे. बायको मागून येतेय का, हे वळून बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

मग रामकिसनरावांना काचबिंदू झाला, दिसेनासं होत चाललं. मुलानं, बद्रीनाथनं, दोघांना शहरात आणलं. रक्तातली साखर वाढलीय, रोज तासभर चाला, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो सकाळी त्यांना हर्सूलच्या तलावाकाठी सोडायला लागला. कडुलिंब, करंज, बाभळी यांच्यातून पाण्याला वळसा घालत जाणारी पायवाट होती. पहिल्याच दिवशी रामकिसनराव एका मुळीला अडखळले. आवडाबाईंनी मागून धावत येऊन हात धरला, तो त्यांनी झिडकारला.

"चारचौघांत हात धरती? आंधळा झालो काय मी?"

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, उद्यापासून फिरणं बंद. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसले. हा माणूस एकदा बसला की पुन्हा उठायचा नाही, हे आवडाबाईंना कळत होतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी कसंबसं समजावून त्यांना आणलं, आणि आपण सरळ पुढं झाल्या.

"इथं मुळी वर आलीय," त्या स्वतःशी बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणाल्या. "आता उजवीकडं वळायचं."

रामकिसनराव आवाजामागं चालत राहिले. बाई गप्प झाली की मात्र पाऊल अडायचं. म्हणजे फेरीभर तोंड चालू ठेवणं आलं. जन्मात नवऱ्याशी चार वाक्यं धड न बोललेल्या बाईनं आठ दिवस गावच्या गाई, सुना, भांडणं सगळं सांगून संपवलं. नवव्या दिवशी सांगायला काही उरलं नाही. तेव्हा तीस वर्षं गिळून ठेवलेलं तोंडात आलं.

"बिडकीनहून सांगावा आला, माय लई आजारी हाय म्हणून. तुमी म्हणले, कापसाची वेचणी होऊ द्या, मग जा. मी पोचले तवा राख सावडून झाली व्हती."

मागची पावलं क्षणभर थांबली, परत सुरू झाली. आवडाबाई बोलत राहिल्या. आता थांबणं त्यांच्याही हातात नव्हतं. मायनं शेवटी कुणाचं नाव घेतलं, भावजयीनं काय सांगितलं, सगळं निघालं.

फेरी संपली, बाकडं आलं, तशा त्या गप्प झाल्या. रामकिसनराव चाचपडत बसले. आता आपलं काही खरं नाही, असं आवडाबाईंना वाटलं.

"थांबलीस कामून?" त्यांनी विचारलं.

"बाकडं आलं ना. आता कुठं चालायचंय?"

"ते कळलं मला," रामकिसनराव म्हणाले. "तू तुझ्या मायचं सांग."