पाच इंच तीन सूत

मी घर सोडलं ते तापलेल्या गाडीतून. चौदा वर्षं झाली त्याला. मुंबईच्या विमानतळावर मला सोडायला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हापूरहून त्यांची कॉन्टेसा काढली होती. आमच्या वयाच्या लोकांना ही गाडी आठवत असेल. लांबलचक बोनट, चौकोनी तोंड, आणि रस्त्यावर असा तोरा की बाकीच्यांनी आपणहून बाजूला व्हावं. परदेशात ज्यांना मसल कार म्हणतात त्या जातीचं आपल्याकडे जे काही होतं ते हेच. आप्पांचं उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप होतं. एका फाउंड्रीच्या मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आप्पांकडे आली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात माणसं तीन आणि मतं चार झाली.

खंबाटकीच्या बोगद्याआधीच्या चढावर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला. आप्पांनी गाडी कडेला घेतली, बोनट उघडलं आणि वाफेकडे बघत म्हणाले, "अर्धा तास तरी थांबायला पाहिजे." मागच्या सीटवर आई माझी बॅग मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हातातल्या घड्याळाकडे बघितलं. आप्पा दहा मिनिटं थांबले. मग फडक्यानं झाकण उघडून त्यांनी पाणी ओतलं आणि गाडी काढली. विमान मिळालं. आत जाताना त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, जी ते वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "अंदाजानं काही करू नको. मोजून कर."

मी मोजूनच केलं. सिंगापूरच्या तुआस भागात जहाजांच्या पंपांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम मिळालं होतं. पहिल्या वर्षी खोली, मग लग्न, मग क्वीन्सटाउनमधला जुना फ्लॅट. नवरा मिलिंद पुण्याचा, आयटीतला. आम्ही दोघं रोज सकाळी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, दोन विरुद्ध दिशांना जातो. मुलगी ईरा अकरा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. हे लिहिताना गळा दाटून वगैरे येत नाही. इथे बस वेळेवर येते आणि मला ते आवडतं.

इथे मोटारीला दहा वर्षांचं आयुष्य असतं. ते कागदावरच ठरलेलं असतं. मुदत वाढवून घेता येते, पण बरेच जण गाडी मोडीत काढतात. सुरुवातीला ऑफिसातल्या एकाची चकाचक गाडी अशी गेली तेव्हा मी त्याला विचारलं, वाईट नाही वाटलं का? इथल्या बोलीतलं 'लाह' शेवटी लावून तो म्हणाला, "व्हाय सॅड? टाइम अप लाह." मी ते आप्पांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "माणसांचंबी तसंच करतात का गं तिकडं?"

लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टीवर गेले तेव्हा गाडी घराशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. बोनटवर पापड वाळत घालायच्या चाळण्या. विचारलं तर आप्पा म्हणाले, "लागत नाही आता फारशी." खरी गोष्ट आईनं सांगितली, तीही भाजी निवडता निवडता. मला सोडून परतताना कराडच्या अलीकडे इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, उडालं होतं. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोर बांधून ते दोघं गाडी घेऊन आले होते. मी सिंगापूरहून फोन केला तेव्हा आप्पा म्हणाले होते, "नीट पोचलो." घाटात अर्धा तास थांबलो असतो तर हेड वाचलं असतं, हे त्यांना तिथेच ठाऊक होतं. गाडी बिघडली ती माझ्या विमानासाठी. मला त्या दुपारी फार वाईट वाटलं, आणि मी इंजिनिअर असल्यामुळे वाईट वाटण्यावर काहीतरी काम काढलं. म्हटलं, आप्पा, ही पुन्हा चालू करू. तुम्ही चालवायची.

शेड आप्पांची, हात त्यांचे, आणि जे सुटं होऊन बॅगेत मावेल ते माझं, अशी वाटणी झाली. पहिल्या खेपेला कार्ब्युरेटर आणला. पेट्रोलचा वास राहिला तर विमानतळावर अडवतील म्हणून आप्पांनी तो आईच्या भांडी घासायच्या साबणानं तीनदा धुतला आणि गच्चीवर कुरडयांशेजारी वाळवला. आईनं त्या वर्षीच्या कुरडया कुणाला दिल्या नाहीत. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायची चिंचोळी जागा आहे, ती माझं गॅरेज. तिथे बसून मी वायपरची मोटर उघडली, डॅशबोर्डवरचं घड्याळ दुरुस्त केलं, काच खाली करायच्या दांड्यांना पॉलिश केलं. ईरा नाक धरून जायची. "आई, सो स्मेली लाह!" मी म्हणायचे, हा तुझ्या आजोबांचा वास आहे. ती म्हणायची, "आजोबा स्मेल्स लाइक सोप."

पूर्वी मी दोन वर्षांतून एकदा जायचे. गाडीमुळे वर्षातून दोनदा जाऊ लागले, कारण भाग परत न्यायचे असायचे. तिकडे आप्पांनी हेड बदललं, जुनं वायरिंग काढून नवं टाकलं, मागच्या पत्र्यातला गंज कापून जोड दिला. इंजिन गार ठेवणारा फॅन विजेवर चालणारा करायचा की नाही यावर आमचं सहा महिने भांडण चाललं. "कंपनीनं दिलंय ते काय येड्यानं दिलंय?" असं ते म्हणत. मी घाटाची आठवण काढली आणि फॅन लागला.

दोन वर्षांपूर्वी गाडी सुरू झाली. आप्पा स्टिअरिंगवर, मी बोनटपाशी. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडायला लागले, आणि गाडी एक गचका खाऊन बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्यांच्या दारापाशी उभी होते. त्यांचा डावा पाय क्लचवर थरथरत होता. गुडघा कधीपासून गेला होता देव जाणे. आप्पा म्हणाले, "इंजिन अजून जमलं नाही." मी म्हटलं, हो, बघू. दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं.

सिंगापूरला परतल्यावर मी क्लच हलका करणारा व्हॅक्यूम बूस्टर शोधायला लागले, तो यंदा मे महिन्यात मिळाला. तो बसला की पाय नुसता ठेवला तरी पेडल खाली जातं. आप्पांना सांगताना गुडघ्यातला ग सुद्धा उच्चारला नाही. म्हटलं, हे अपग्रेड आहे, हल्ली सगळे करतात. ते "बरं" म्हणाले. इतक्या पटकन ते कधी बरं म्हणत नाहीत, पण माझ्या ते लक्षात आलं नाही. बूस्टर बसवायला ब्रॅकेट हवा होता. इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्यावर आधीपासून दोन भोकं होती, त्यांच्यातलं अंतर आप्पांनी मोजून सांगितलं. पाच इंच तीन सूत.

मी संगणकावर टाइप केलं ५.३ इंच.

तुआसमध्ये आमच्या कंपनीच्या शेजारी कोह अंकलचं छोटं मशीन शॉप आहे. सत्तरीचा माणूस, बोलतो कमी. माझं ड्रॉइंग त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "फाइव्ह पॉइंट थ्री? हू मेझर?"

"माय फादर."

"ओल्ड मॅन, आ? ओल्ड मॅन यूज इंच, नेव्हर यूज पॉइंट. यू आस्क अगेन."

मी म्हटलं, शुअर आहे अंकल, करा. ब्रॅकेट सुरेख झाला. पुण्याला निघालेल्या एका सहकाऱ्याबरोबर बूस्टर आणि तो असे दोन्ही पाठवले. आठवड्यानं आप्पांना विचारलं, बसला का? ते म्हणाले, "बसला."

त्याच सुमारास आईचा एकदा फोन आला होता. पंजाबी ड्रेस शिवून घेतेय, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप दे. मी म्हटलं, अगं सलवारीला गुडघ्यापासून कोण मोजतं? "शिंपी नवीन आहे," ती म्हणाली. मी ऑफिसातूनच टेप लावून सांगितलं, चव्वेचाळीस सेंटिमीटर. ड्रेस काही आला नाही. मीही विसरले.

यंदा खंडेनवमीला घरी पोचले. ज्यांच्या घरी अवजारं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि त्यांना कामाला लावत नाहीत. वर्कशॉप विकून आठ वर्षं झाली तरी आप्पांनी शेडमध्ये पाट मांडला होता. पाने, हातोडी, मायक्रोमीटर, कानशी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. मी नमस्कार करायला वाकले आणि माझी नजर एका गोल कानशीवर गेली. तिच्या दात्यांत पोलादाचा ताजा चुरा बसला होता. बाकी सगळं पुसून लख्ख, आणि हिच्यात चुरा. पुसून निघाला नसेल इतका आत गेलेला.

मी उठून बोनट उघडलं. कोह अंकलच्या ब्रॅकेटची भोकं गोल राहिली नव्हती. दोन्ही बाहेरच्या बाजूला हातानं घासून लांबट केलेली, कडा इतक्या गुळगुळीत की मशीनवर केल्यासारख्या. तिथे उभ्या उभ्या मला कळलं मी काय केलं होतं. इंचाचे आठ सूत. तीन सूत म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश, दहाव्या भागाशी त्याचा काही संबंध नाही. जेमतेम दोन मिलिमीटरची चूक. आणि हे मला कुणी शिकवायला हवं होतं असं नाही. आठ सूत म्हणजे इंच, हे मी पाढ्यांच्याही आधी पाठ केलं होतं, त्याच वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसून. घर सोडताना काय काय सुटलं याची माझ्याकडे यादी होती. हे त्या यादीत नव्हतं. ते कधी सुटलं ते मला कळलंच नव्हतं, आणि लाजेनं माझे कान गरम झाले.

"आप्पा, सांगायचं ना. दुसरा करून पाठवला असता."

"दोन मिलिमीटरला कशाला दुसरा? तीन दिवस बसलो घाशीत. मला तरी कुठं दुसरं काम हाय?"

दसऱ्याला सकाळी गाडीला हार घातला, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आई मागे बसली. मी सवयीनं डाव्या बाजूच्या दाराकडे गेले, तर आप्पा आधीच तिथे बसलेले. किल्ली त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"तुम्ही चालवा ना. तुमच्यासाठी तर केलं सगळं."

"माझं लायसन्स गेल्या वर्षीच संपलं. डोळ्याच्या डॉक्टरनं सही दिली नाही." हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसं त्यांनी सांगितलं. "तुझं चालू हाय न्हवं?"

"मग बूस्टर कशाला बसवलात?"

"क्लच लई कडक होता. तुला जमला नसता."

मी बसले. माझी उंची पाच फूट एक इंच. लहानपणापासून त्या सीटवर बसलं की माझे पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत, उशी लागायची. या वेळी पोचले. डावा पाय क्लचवर गेला आणि बरोबर जिथे जायला हवा तिथे टेकला. खाली वाकून पाहिलं तर सीटखालच्या पट्टीत नवी भोकं पाडून सीट पुढे घेतलेली. समोर शेडच्या भिंतीवर आप्पांची खडूची आकडेमोड होती. त्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ: पाय – ४४ सें.मी. – सतरा इंच अडीच सूत. मी मनातल्या मनात हिशेब केला. बरोबर होता. त्यांचं माप मी माझ्या भाषेत आणताना चुकले. माझं माप त्यांनी त्यांच्या भाषेत नेलं, आणि केसभरही चूक नाही. मला रडू आलं. आप्पा म्हणाले, "चालव की. बघतीस काय नुसती? लिंबं सुकतील."

चारही लिंबं एकदम फुटली. रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. काटा लाल पट्टीच्या आसपासही गेला नाही.

आता मी इथे तुआसला जाणाऱ्या एमआरटीत बसून हे लिहिते आहे. घर म्हणजे काय, यावर आपण बाहेर पडलेले लोक फार बोलतो. मी बोलणार नव्हते. पण निघायच्या दिवशी भाड्याची टॅक्सी दारात उभी होती, आणि आप्पा शेडमध्ये बोनट उघडून वाकले होते. मी विचारलं, आता काय राहिलं?

"बॅटरीची वायर काढतोय," ते म्हणाले. "नुसती उभी राहून उतरती. तू आलीस की लावू."