दंडावरचं भूर्जपत्र

आमच्या अंबरनाथच्या घरात ना देव होते, ना गंडेदोरे. वडील कारखान्यातून आले की पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालून विहारात अंधश्रद्धेवर बोलायचे. घरीसुद्धा तो शर्ट कधी काढायचे नाहीत. मला ती शिस्त वाटायची.

धाकटी बहीण तापाने फणफणली, तेव्हा आईने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून ताईत आणून तिच्या गळ्यात बांधला. वडिलांनी तो तोडला आणि आतलं भूर्जपत्र काढून आम्हाला दाखवलं. "झाडाची साल आहे ही. कागद नव्हता तेव्हा लोक हिच्यावर पोथ्या लिहायचे. बाकी काही नाही." मग ती स्टोव्हवर जाळली. आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिला अडाणी म्हणून मीही वाट्टेल ते बोलले.

पुढे वडिलांना दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावायला नर्सने बाही वर केली आणि दंडावरचा ताईत कापून माझ्या हातात दिला. मी तो तिथेच दाताने फोडला. आत तीच साल, तिच्यावर लाल शाईत वडिलांचं नाव.

बाहेर येऊन मी तो आईपुढे धरला. तिने कापलेला दोरा पाहिला.

"नवा दोरा आणायला हवा," ती म्हणाली. "तुझ्या जन्माआधीपासून मीच बदलते."