पाळण्यातले साहेब

माझं नाव पुरुषोत्तम आहे आणि ते नातवाला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती.

आजोबांचं नाव नातवाला, ही आमच्या घराण्याची रीत. अमेरिकेत, चँडलरला येऊन इतकी वर्षं झाली तरी मी ती सोडली नव्हती. सुनेला, म्हणजे रेवाला, सातवा महिना लागला तेव्हापासून मी माझ्या मुलाला, सलिलला, दर फोनवर त्या रीतीची आठवण करून देत होतो. पण दोघंही जन्मले इथेच. एके दिवशी त्यांच्या फ्रिजवर यादी दिसली: अल्फ्रेड, अर्नेस्ट, एडविन, हर्बर्ट.

"हे कोण? जेवायला येणारेत का?" मी विचारलं.

"बाबा, व्हिंटेज नेम्स. व्हिक्टोरियन. सध्या खूप ट्रेंडिंग आहेत," सलिल म्हणाला.

"आणि ओरिजिन्स किती क्यूट आहेत," रेवा म्हणाली. "हर्बर्ट जुन्या जर्मनमधून आलंय. ब्राइट आर्मी."

"तेजस्वी सैन्य? अगं, त्याला लंगोट बांधायचाय."

"अल्फ्रेड म्हणजे ज्याला पऱ्या ॲडव्हाइस देतात."

"घरात आजोबा असताना पऱ्या कशाला?"

माझ्या पणजोबांनी ज्या हर्बर्टसाहेबाला वाकून मुजरे केले, त्याला आता मी झोके द्यायचे! (आणि साहेबाला घालवायला आपल्याला केवढे कष्ट पडले होते.) मी हे सगळं सविस्तर बोलून दाखवलं. सलिलने शांतपणे यादी काढून खिशात घातली. "नाव आता बारशालाच कळेल," तो म्हणाला.

मग मीही हालचाल केली. बारशासाठी गुपचूप केक सांगितला. चाळीस माणसांसमोर क्रीमने लिहिलेलं 'पुरुषोत्तम' पुसायची हिंमत कोण करणार? फोनवरच्या मुलीला मी एकेक अक्षर सांगितलं. तिने तीनदा उसासा टाकला. शेवटी तिने ऑर्डर कुणाच्या नावाने लिहू म्हणून विचारलं. मी सवयीने माझं काउंटरवरचं नाव सांगितलं. (कॉफीच्या दुकानात खरं नाव सांगितलं तर स्पेलिंग होईपर्यंत कॉफी गार होते. म्हणून इथे आपल्यातले बरेच जण एक सोपं नाव बाळगून असतात.)

बारशाच्या दिवशी खोका शेजारच्या सीटवर पट्टा बांधून, एसी पूर्ण सोडून आणला. माझी मुलगी गार्गी, म्हणजे बाळाची आत्या, खास ॲन आर्बरहून आली होती. ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, पाठीवर रीतसर बुक्के खाल्ले आणि उभी राहून म्हणाली, "वॉल्टर!"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

"थांबा," मी सगळ्यांना म्हणालो. "बाळाचं नाव काय आहे ते मी दाखवतो." आणि ऐटीत खोका उघडला.

केकवर निळ्या क्रीमने लिहिलं होतं: वेलकम, बेबी वॉल्टर.

त्या मुलीने कंटाळून अकरा अक्षरं टाकून दिली होती आणि ऑर्डरवरचं सोपं नाव उचललं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं?" बायको म्हणाली. "मला तर पोरांनी शपथ घातली होती."

सलिलने मला मिठीच मारली. "बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, आजोबांचं नाव नातवाला. मग तेच ठेवलं."

"माझं नाव वॉल्टर आहे?"

"दर सॅटर्डेला कॉफी शॉपमध्ये कुणी 'वॉल्टर' ओरडलं की तुम्ही किती खूश होऊन उठायचात. घरी आई 'अहो' म्हणते, ऑफिसमध्ये सगळे पीके म्हणतात. पुरुषोत्तम अशी हाक तुम्हाला कुणी मारलेली मी कधी ऐकलीच नाही, बाबा."

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. मी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि साहेबाला मुकाट्याने झोका दिला.

परवा कॉफीला गेलो. वॉल्टर हे नाव आता नातवाचं, ते वापरायला मन होईना. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारल्यावर ताठ मानेने सांगितलं, "पुरुषोत्तम." ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिने स्पेलिंग विचारलं. पुन्हा विचारलं. मागे रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं.

"हर्बर्ट लिही," मी म्हणालो.