चार बोटं आखूड नळी

बायको वारली आणि महिन्याच्या आत सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला, ट्रक विकून टाक. मुलीने दिला, मेव्हण्याने दिला, ज्याला सायकलचं पंक्चर काढता येत नाही त्या शेजाऱ्यानेही दिला. एवढं धूड एकट्याने सांभाळणं होणार नाही म्हणे. सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची नळी बदलायला झालीच होती. मी मनाशी ठरवलं, ही नळी कोणाची मदत न घेता बदलली तर गाडी राहील, नाही जमलं तर जाईल.

नळी म्हणजे हातभर रबर, पण भरलेला ट्रक उतारावर तिच्या जिवावर थांबतो. टाकीतली हवा चाकाजवळपर्यंत लोखंडी पाइपातून येते आणि शेवटच्या टप्प्यात या नळीतून जाते, कारण चाक वळतं आणि पाइप वळत नाही. माझी नळी वाटेत कुठल्याशा गॅरेजवाल्याने घाईत बसवलेली, नको तेवढी लांब. टायरला घासून तिची साल निघाली होती. रोह्यात घरासमोर ट्रक जॅकवर चढवला, नळी सोडवली, नव्या लांबीचं माप सुतळीने घेतलं, गाठ मारली आणि पेणसाठी सकाळची पॅसेंजर पकडली.

निडी स्टेशन आलं की बायको पिशवी मांडीवर घेऊन तयार बसायची, पेण अजून कितीतरी लांब असताना. ती पेणजवळच्या जोह्याची. ट्रकचं सामान आणायला पेणला निघालो की ती बरोबर निघायचीच. "तुमचा ब्रेक बिघडल्याबिगर मला म्हायेर दिसत नाय," म्हणायची, आणि ते खरंच होतं. मुद्दाम असं मी तिला माहेरी कधी नेलंच नाही. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते.

पेणला दुकानदाराने जुन्या नळीचे आटे नव्या फिटिंगशी जुळवून पाहिले. एका टोकाला सरळ फिटिंग, दुसऱ्या टोकाला काटकोनात वळलेलं. तिथे सरळ लावलं तर नळी मुडपते. मी नळ्या वाकवून, नखाने दाबून पाहिल्या, दोन परत केल्या. तिसरी त्याने सुतळीच्या मापाने कापून दिली.

"काकी नाय आल्या?" त्याने विचारलं.

"नाय," म्हणालो. नळीचे पैसे मोजून दिले.

घरी येऊन नळी बसवली. छान बसली. मग सहज स्टेअरिंग पूर्ण फिरवून खाली वाकून पाहिलं, तर नळी तारेसारखी ताणलेली. चार बोटं आखूड होती. तशीच रस्त्यावर नेली असती तर एखाद्या वळणावर उपटून आली असती.

तीस वर्षं हे काम केलेला माणूस मी. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून माप घ्यायचं असतं, हे विसरलोच कसा? चाकाला टेकून बराच वेळ बसलो तेव्हा कळलं, मी विसरलो नव्हतो. चाक मी कधी वळवलंच नव्हतं. मी खाली सुतळी धरून पडलेला असे, आणि वर केबिनमध्ये बसलेली बायको न सांगता स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत असे. जिथे सुतळी सगळ्यात जास्त लागे तिथे मी गाठ मारायचो आणि माप आपलंच समजायचो.

वर-खाली करत स्वतःच चाक वळवून नवं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेण.

"तुमचा माप तर कधी चुकत नाय, काका," दुकानदार म्हणाला.

"माप तुझ्या काकीचा व्हता. ती गेली."

त्याने नवी नळी कापायला घेतली. परतताना वाटेतल्या एसटी स्टँडवर जोह्याची गाडी उभी होती. सवयीने दोन पावलं तिच्याकडे टाकली, मग थांबलो. बायकोशिवाय तिथे जाऊन मी बोलणार काय?

या वेळी नळी बसवून चाक दोन्हीकडे वळवलं. कुठे ताण नाही, कुठे घासत नाही. आता गळती तेवढी पाहायची राहिली. ती ब्रेक दाबलेला असतानाच कळते. त्यासाठी दाबणारं माणूस वर आणि बघणारं खाली लागतं. मी इंजिन चालवून टाकीत हवा भरली, सीट आणि पेडलच्या मध्ये एक फळी घट्ट अडकवली, आणि साबणाचं पाणी घेऊन खाली शिरलो. दोन्ही टोकांना पाणी फासलं. एकही बुडबुडा नाही. कान लावला, फुसफुस नाही. जमलं होतं. ट्रक राहणार होता, सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

त्या आनंदात मी खालून मोठ्याने ओरडलो, "सोड गो!"

ब्रेक सुटला नाही. साबणाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत राहिलं. बऱ्याच वेळाने मी सरपटत बाहेर आलो, केबिनमध्ये चढलो आणि फळी काढली.